बाहेरच्या भिंतीचा पैसा आधी बाजूला काढा

भंडारा जिल्ह्यात तुमसर-मोहाडीकडे जा, नाहीतर पवनी-लाखांदूरकडे. अलीकडे बांधलेल्या बऱ्याच घरांची एक गोष्ट सारखी दिसते. रस्त्याकडची भिंत छपाई करून, टाइल्स लावून, रंगवून तयार, आणि बाकीच्या तीन बाजूंना विटा उघड्या. आत मात्र पुट्टी झालेली असते, पीओपी झालेलं असतं, फरशी चकाकत असते. पैसे संपले म्हणून बाहेरचं राहिलं, असं घरमालक सांगतो आणि ते खरंही असतं. पण पैसे दरवेळी नेमके याच टप्प्यावर का संपतात, हे पाहिलं तर दोष कमाईत कमी आणि अंदाजपत्रकात जास्त सापडतो. बाहेरची छपाई आणि रंग हा आपण शेवटचा, उरल्यासुरल्या पैशातून भागवायचा खर्च समजतो. माझं म्हणणं असं की हा आकडा स्लॅबच्या आकड्याच्या शेजारी, बांधकाम सुरू होण्याआधीच लिहायला हवा, आणि खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती घराच्या आत लावायला हवी.

कारण सरळ आहे. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळी वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे झड लागली की त्या बाजूची भिंत दिवसचे दिवस भिजत राहते. लाल वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. साध्या विटेसाठी भारतीय मानकानेच तेवढी मर्यादा घातली आहे. म्हणजे तीन किलोची मानकात बसणारी वीटसुद्धा ६०० ग्रॅम पाणी पोटात घेऊ शकते. ते पाणी आतल्या बाजूला उतरतं. मग ज्या पुट्टीवर हौसेने पैसे घातले तीच फुगते, पापुद्रे सुटतात, भिंतीवर पांढरा खार उमटतो आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटाच्या पाठीला गंज चढतो. बाहेरची भिंत उघडी ठेवून आतली सजवणं म्हणजे ती सजावट दोन पावसाळ्यांच्या बोलीवर विकत घेणं आहे.

अंदाज चुकतो तो बहुधा क्षेत्रफळात. लोक घर मोजतात जमिनीवर आणि छपाई लागते भिंतीला. ३० फूट बाय २० फुटांचं घर घ्या. तोंडी हिशेबात ते ६०० चौरस फूट. पण त्याचा घेर १०० फूट होतो. जोतं दोन फूट, भिंत दहा फूट, वर पॅरापेट तीन फूट धरला तर बाहेरची उंची पंधरा फूट, म्हणजे १५०० चौरस फूट. पॅरापेटची आतली बाजूही पावसातच उभी असते, तिचे आणखी ३००. दारं-खिडक्यांचे शंभर वजा करा, उरतात १७००. घराच्या जमिनीच्या जवळजवळ तिप्पट! बाहेरची छपाई दोन थरांत, एकूण २० मिलिमीटर जाडीची करतात. एकास चार मिश्रण धरलं तर नासधूस आणि भिंतीचं उंचसखलपण जमेला घेऊन १०० चौरस फुटांना सिमेंटची पावणेदोन पोती आणि साडेआठ घनफूट रेती लागते. म्हणजे या घराला जवळजवळ तीस पोती आणि दीड ब्रास रेती. वैनगंगेची रेती भरड असते. छपाईसाठी ती चाळावी लागते आणि चाळणीवर बरेच खडे राहतात, म्हणून दीडऐवजी दोन ब्रास मागवलेली बरी. पोत्याला ३५० रुपये धरले तर सिमेंटचे साडेदहा हजार होतात. मजुरी त्याहून कितीतरी जास्त, आणि रंग वेगळा. हा आकडा आधी डोळ्यांसमोर असता तर फॉल्स सीलिंगचा निर्णय बऱ्याच घरांत वेगळा झाला असता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, आजोबांच्या मातीच्या घराला कुठे सिमेंट होतं, तरी ते साठ वर्षं उभं राहिलंच ना? राहिलं, पण त्याची कारणं पाहायला हवीत. कवेलूचं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असे, समोर सपरी असे, त्यामुळे पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोचतच नसे. जे काही भिजे, झिजे, ते घरच्या बायका दरवर्षी दिवाळीआधी मातीने लिपून, वर पांढऱ्या मातीचा पोतारा देऊन भरून काढत. बाहेरच्या भिंतीचा खर्च त्या घरालाही होता. तो बायकांच्या श्रमातून भागत होता, म्हणून कुणी मांडला नाही. आजच्या स्लॅबच्या घराला पुढे आलेलं छप्पर नाही आणि दरवर्षी लिपणारे हातही नाहीत. दोन्ही गेल्यावर भिंतीला कवच विकतच घ्यावं लागणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यातून माणसाने भिंती उभ्या करायच्या की छपाईचे पैसे राखायचे? ही ओढाताण खरी आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. पण घर किती मोठं बांधायचं, हा निर्णय तरी लाभार्थ्याच्या हातात असतो. योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं घर धरलं आहे. तेवढ्या घराच्या बाहेरच्या भिंती साधारण ९०० चौरस फूट भरतात; सोळा पोती आणि पाऊण ब्रास रेतीत काम होतं. राज्याच्या धोरणानुसार घरकुलाला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, तिच्यातलीच थोडी यासाठी झाकून ठेवता येते. पुढेमागे लागेल म्हणून कर्ज काढून आणखी एक खोली वाढवली की भिंत वाढते, अंगावरचं देणं वाढतं आणि चारही बाजू उघड्या राहतात. तेवढेही पैसे नसतील तर निदान पश्चिमेची भिंत पूर्ण छापून घ्यावी, बाकीच्या भिंतींच्या दरजा सिमेंटने भराव्यात आणि स्लॅबच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून फूटभर पुढे काढावा. मोठ्या सज्ज्याखालची भिंत कमी भिजते, म्हणून सज्जा कापून वाचवलेला पैसा खरं तर वाचत नाही.

‘पुढच्या वर्षी करू’ म्हणणाऱ्यांनी तीन गोष्टी हिशेबात घ्याव्यात. पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर, नदीतून रेती काढायला बंदी असते. मे संपताना जागं झालं तर रेती मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, ओली छपाई तासाभरात सुकते आणि तडकते. तिला किमान सात दिवस पाणी मारायचं तर आधी विहिरीत पाणी हवं. धान निघून चुकारे हाती आल्यावरचे, डिसेंबर-जानेवारीचे दिवस या कामाला उत्तम. तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. बाजूच्या रिकाम्या जागेत दीड-दोन फुटांवर त्याची भिंत उभी राहिली की तिथे परांची बांधता येत नाही, मिस्त्रीचा हात फिरत नाही, आणि ती बाजू कायमची राहून जाते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. पण भाव आणखी उतरेल म्हणून थांबणाऱ्याला या तीन गोष्टी महागात पडतील.

दर्शनी भागाला एसीपीचे पत्रे किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या लावायची नवी हौस आता भंडारा शहरातून गावांत पोचली आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची घरं बहुधा लाकडी सांगाड्याची असतात, त्यांना बाहेरून अशाच पट्ट्या ठोकतात आणि ‘साइडिंग’ बदलणं हा तिथल्या घरमालकाचा मोठा खर्च असतो. पण तिथे पट्टीच्या मागे पाणी अडवणारा वेगळा पडदा असतो. आपल्याकडे ते काम छपाई करते. उघड्या विटांवर थेट पत्रे बसवले तर सांध्यातून गेलेलं पाणी मागे कोंडतं आणि भिंत वाळतच नाही. आधी छपाई, मग हौस, हाच क्रम ठेवावा.

मिस्त्रीशी बोलताना दर चौरस फुटाचा ठरतो, पण त्या दरात काय येतं ते ठरत नाही, आणि भांडणं तिथेच होतात. पॅरापेटची आतली बाजू, सज्ज्याची वरची-खालची बाजू, परांची, रेती चाळण्याची मजुरी, पाणी मारणं हे सगळं एका कागदावर लिहून घ्यावं. कॉलम आणि विटांच्या जोडावर जाळी लावली नाही तर वर्षभरात तिथे सरळ रेषेत तडा जातो. जाळीचे पैसेही त्याच कागदावर हवेत. सज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच मागून घ्यावी, ओल्या छपाईत ती काढायला मिस्त्रीला फारसा वेळ लागत नाही. रंगाला घाई नको. नव्या छपाईला २८ दिवस वाळू द्यावं, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीसाठीच्या रंगाचे दोन हात. खरबरीत छपाई डब्यावर छापलेल्या हिशेबापेक्षा जास्त रंग पिते. पैसे कमी पडले तर रंग एखादं वर्ष पुढे ढकलावा, छपाई नाही.