गलाईवाला वर्गमित्र आणि सातबारावरचं नाव

वाचकहो, तुमच्याही वर्गात असा एकजण असणारच. दहावीचा निकाल लागला, मार्कलिस्ट घेऊन आला, आणि आठ दिवसांत गावातून नाहीसा झाला. कुठं गेला म्हणून विचारलं, तर घरची माणसं एकच शब्द सांगायची, "गलाईला." खानापूर, आटपाडी, तासगाव आणि आमचा कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यात या शब्दाचा अर्थ कुणाला फोडून सांगावा लागत नाही. सोन्या-चांदीचे जुने दागिने वितळवून शुद्ध धातू काढून देण्याचा हा धंदा. त्यासाठी आपली पोरं केरळ, तामिळनाडूपासून पंजाब, बंगाल, आसामपर्यंत पांगली. आपल्याकडच्या किती घरांची कौलं त्या पैशावर चढली, किती विहिरी त्या पैशावर खोदल्या, याचा हिशेब कोणत्याच सरकारी दप्तरात सापडणार नाही.

माझा असा वर्गमित्र २०२५ च्या उन्हाळ्यात गावी आला. मार्च १९८७ मध्ये आम्ही दोघं दहावीला एकाच बाकावरून बसलो होतो. मी काठावर पास झालो, तो इंग्रजीत गेला. त्याच्या वडिलांनी ऑक्टोबरची वाट बघितली नाही. मिरजेपर्यंत तेव्हा अरुंद रुळाची छोटी गाडी होती. कवठे महांकाळ स्टेशनवर मी त्याला पोचवायला गेलो होतो. पत्र्याची ट्रंक, तीत दोन ड्रेस आणि आईनं बांधून दिलेल्या शेंगाच्या चटणीची पुरचुंडी. तिथनं पुढं कोइमतूर. भाषा येत नाही, भात खायची सवय नाही, आणि वय सोळा.

त्याचं नाव इथं देत नाही. कारण पुढं वाचाल तसं कळेल.

तो आल्याचं मला चुलत्याच्या पोराकडनं कळलं, आणि खरं सांगायचं तर मी दोन दिवस त्याच्या घराकडं फिरकलो नाही. माझ्याकडं त्याचे पैसे होते. २००३ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. विहिरी तळाला, बोअर कोरडे, आणि द्राक्षबागा जगवायला टँकरनं पाणी घालायचं. बाग म्हणजे काही ज्वारी नव्हे, की यंदा गेली तर पुढच्या साली पेरू. पाच-सहा वर्षांचा खोडवा, मांडव, तार, अँगल, सगळं बँकेच्या नावावर. मी त्याला पत्र टाकलं. त्यानं आठ हजारांचा ड्राफ्ट पाठवला, सोबत दोन ओळी: बाग जगव, पैशाचं नंतर बघू. टँकर आले, पाणी घातलं, आणि बाग तरीही गेली. मग त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. काय लिहायचं? पैसे नव्हते, आणि बाग मेली हे लिहायला हात धजत नव्हता. पुढं बावीस वर्षं गेली.

तिसऱ्या दिवशी तोच माझ्या शेतावर आला. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली, नव्या काड्या फुटत होत्या. मी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बघत होतो. मागनं आवाज आला, "व्हय रं, बाग जगली का?"

मी वळून बघितलं. केस पांढरे, अंगात शर्ट-लुंगी, बोलण्यात थोडा तमिळ हेल. पण हसणं तेच.

"ती न्हाई जगली, गड्या," मी म्हणालो. "ही नवी हाय. म्हैसाळचं पाणी आल्यावर लावलेली."

तो बांधावर बसला. बसताना दम लागला, ते माझ्या नजरेतनं सुटलं नाही.

गलाईचं काम बाहेरनं चकाकतं, आत काय असतं ते थोडक्यात सांगतो. जुना दागिना घेतला की आधी कसोटीवर घासून कस बघायचा. मग मुशीत टाकणखार घालून भट्टीवर वितळवायचा. त्यात तिपटीच्या आसपास चांदी मिसळायची, पातळ पत्रा किंवा दाणे करायचे आणि नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचे. चांदी, तांबं विरघळतं, सोनं तळाला तपकिरी भुकटीसारखं राहतं. ते धुऊन पुन्हा वितळवलं की पिवळं धमक. विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवायची. दुकानातली झाडलोट, राख, हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा टाकून द्यायचं नाही, त्यातही सोन्याचे कण असतात. आणि या सगळ्यात ॲसिडचा जो तांबूस धूर निघतो तो दहा बाय दहाच्या खोलीत सोळा वर्षांच्या पोरानं छातीत घ्यायचा. "पंखाबिंखा नंतर आला," तो म्हणाला. "पहिली धा वर्सं खिडकी एवढाच पंखा."

तो गेला तेव्हा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता, लायसन नसलेल्याला धाडीची कायम धास्ती. १९९० साली तो कायदा उठला आणि आपल्या लोकांची दुकानं पसरली. चांगले दिवस आले. मग २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२१ पासून सक्तीचं हॉलमार्किंग. मोठ्या रिफायनऱ्या, कस सांगणारी यंत्रं. लहान दुकानदाराकडं येणारा माल आटत गेला. त्याचा मुलगा शिकून तिकडंच नोकरीला लागलाय, भट्टीजवळ उभा राहणार नाही. "बरंच झालं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासनं म्हटलं असं मला वाटलं.

आता तो परत येऊ बघतोय. वडिलांची सव्वातीन एकर जमीन आहे, चुलत्याचा पोरगा वाट्यानं करतो. मला विचारायला लागला, म्हैसाळचं पाणी टिकंल का? बाग लावू का?

वाचकहो, या प्रश्नाला मी सरळ "लाव" म्हणालो नाही. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्यानं मिरज, कवठे महांकाळ, तासगाव, जत आणि पुढं सांगोला, मंगळवेढ्याकडं न्यायची ही योजना १९८० च्या दशकातली. १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ झालं, बच्छावत लवादाची मे २००० ची मुदत डोक्यावर होती, तेव्हा कुठं कामांना वेग आला. आमच्या पिढीनं शाळेत असताना तिची भाषणं ऐकली आणि केस पिकायला लागल्यावर पाणी बघितलं. पाणी आल्यावरही पंपाचं वीजबिल थकलं की आवर्तन बंद, हा खेळ वर्षानुवर्षं चालला. पुढं बिलाचे ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचे असं ठरलं, तेव्हा जरा श्वास मिळाला. पण उचललेलं पाणी ते उचललेलंच. ते फुकट वाहत येत नाही, आणि शेवटच्या टोकाला बसलेल्याला ते कधी मिळतं हे टोकावरच्यालाच विचारावं. मी त्याला म्हणालो, "आधी शेततळं कर, मग बागेचं बोल. आणि सगळ्या सव्वातीन एकरावर उडी घेऊ नगंस." बेदाण्याचं गणितही सांगितलं. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, आणि रॅकवर माल असताना वळीव आला तर रंग जातो, भाव पडतो. नागज फाट्याकडं जाताना शेड दिसतात तेवढ्यावरनं हिशेब करू नये.

दोघं मग सातबारा बघायला बसलो. आणि इथं खरी गोष्ट सुरू होते. सातबारावर अजून त्याच्या वडिलांचंच नाव. वडील २००९ साली वारले. तेव्हा तो आला, दहावा-तेरावा करून परत गेला, वारसनोंद राहिली ती राहिलीच. अशी किती खाती आपल्या गावात आहेत ते तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपण तलाठीच म्हणणार) विचारा. म्हाताऱ्याच्या नावावर कर्ज निघत नाही, नुकसानभरपाई अडकते, शेततळ्याचा अर्ज पुढं सरकत नाही. सरकारनं एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती यासाठीच.

मी गावकीतला माणूस, कागदाचं मला ठाऊक. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, अर्ज ई-हक्कवरनं किंवा तलाठ्याकडं. नोंद धरली की संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडल अधिकारी फेरफार मंजूर करणार. हे सांगता सांगता मी सवयीनं बोलून गेलो, "अक्काचं हक्कसोड पत्र करून घेऊ. तिला एक दिवस तहसीलला बोलव."

त्याची बहीण जतकडं दिली आहे. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. ती महिन्यातनं दोनदा एसटीनं यायची, आठ-आठ दिवस राहायची. हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "सही कशाला? तिचं नाव लागलं पायजे."

"सगळे तसंच करत्यात, लेका."

"सगळे करत्यात म्हणून मी पण करू व्हय? बाबाची घाण तिनं काढली. मी मनिऑर्डर धाडत हुतो."

मला उत्तर सुचलं नाही. हक्कसोड पत्र रजिस्टरच लागतं, तोंडी सांगून किंवा साध्या कागदावरच्या अंगठ्यानं बहिणीचा हक्क जात नाही, हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगतो. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो बुडत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. हे सगळं मला पाठ. तरी माझ्या घरी दोन बहिणींच्या सह्या मी २०१२ सालीच घेतल्यात. त्यांनी हसत केल्या, मीही हसत घेतल्या, वर साडी-चोळी. त्या दिवशी बांधावर ती साडी-चोळी आठवली आणि बरं वाटलं नाही.

आम्ही अर्ज केला. दोन नावं घातली. चुलत्याच्या पोराचा चेहरा पडला, कारण वाट्याची जमीन सुटणार. त्याला मित्रानं यंदाचा हंगाम त्याच्याकडंच ठेवतो म्हणून सांगितलं. मी म्हणेन हे शहाणपणाचं केलं. अशा वेळी एक हरकत अर्ज आला की नोंद तक्रारी रजिस्टरला जाते आणि मग तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसा.

जायच्या आदल्या रात्री मी पाकीट घेऊन गेलो. त्यात किती घालायचे यावर मी बरीच रात्र काढली होती. २००३ ला सोनं तोळ्याला साडेपाच-सहा हजारांच्या घरात होतं. म्हणजे त्यानं मला तोळ्याहून जास्त सोनं दिलं होतं. आता ते लाखाच्या वर जातं. एवढे माझ्याकडं नव्हते. पंचवीस हजार घातले. त्यानं पाकीट उघडलंसुद्धा नाही.

"आमच्यात सोनं वितळवलं की घट धरत्यात," तो म्हणाला. "कितीबी जपून केलं तरी थोडं जातंच. ते घटीत गेलं."

"मग पत्रं का न्हाई धाडलीस पुना?"

"तू उत्तर दिलं न्हाईस. मला वाटलं बाग गेली आसंल आन् तुला लाज वाटली आसंल. पुना पुना इचारून काय करायचं?"

म्हणजे बावीस वर्षं त्याला सगळं ठाऊक होतं. वहिनींनी चहा आणला, पाकीट माझ्या मांडीवर तसंच. शेवटी पाच किलो बेदाण्याची पेटी तेवढी त्यानं घेतली, तीसुद्धा पोरासाठी म्हणून. मी त्याला छातीचा फोटो काढून घे, डॉक्टरला दाखव म्हणून दोनदा बजावलं. त्यानं मान हलवली. दाखवलं का नाही ते अजून सांगत नाही.

नोटिशीचे पंधरा दिवस मोजून झाले, हरकत आली नाही. मी नव्या सातबाराची प्रत काढली, फोटो त्याला पाठवला. भाऊ-बहीण दोन्ही नावं, एकाखाली एक. अक्कालाही एक प्रत जतच्या एसटीतनं एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडली. माझ्या बहिणींना मी अजून फोन केलेला नाही. दिवाळीला येतील तेव्हा बोलायचं आहे.

त्याचा मात्र आता दर आठवड्याला फोन असतो. सोन्याचा भाव सांगत नाही. एकच विचारतो, आवर्तन सुटलं का, आणि आपल्या वावरापर्यंत आलं का.