नळदुर्गचा बिनमोटारीचा वॉटर पार्क

धारूरच्या पोरांनी वॉटर पार्कचा हट्ट धरला, की घरच्यांची पंचाईत होते. गाव बालाघाटाच्या माथ्यावर, पडलेला पाऊस दऱ्यांतून खाली पळणार. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानानं इथं किल्ला बांधला. तीन बाजूंच्या दऱ्या त्याला फुकटात मिळाल्या, पाण्याची बेगमी मात्र करावी लागली. किल्ल्यातल्या खारी दिंडी आणि गोडी दिंडी या पाणवठ्यांची गंमत तर धारूरकर पाहुण्यांना हमखास सांगतात: शेजारशेजारचं पाणी, पण एक खारट आणि एक गोड!

पोरांचा हट्ट मात्र एवढ्यानं भागत नाही. म्हणून पावसाळ्यात आई भवानीच्या दर्शनाला तुळजापूरला जाल, तेव्हा गाडी आणखी पस्तीसेक किलोमीटर पुढं दामटा. तिथं नळदुर्ग आहे. आदिलशाही तीच, फक्त अर्धशतक उलटलेलं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला यांच्यामध्ये बोरी नदीवर दगडी बांध घातला. इथवर नवल नाही, बांध अनेकांनी घातले. या गड्यानं बांधाच्या पोटात महाल बांधला.

तोच पाणीमहाल. बांधावरून अरुंद जिन्यानं आत उतरायचं. दगडाचा गारवा अंगाला लागतो आणि आवाज वाढत जातो. मग कमानीची गच्ची येते आणि समोर नदी कोसळताना दिसते. डोक्यावरून आलेलं पाणी आपल्यापुढं हातभर अंतर ठेवून खाली चाललेलं असतं. तुषार तोंडावर येतात, बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि पायाखालची फरशी बरीचशी कोरडी!

हे जमतं कसं? सांडव्याच्या काठावर पोचलेल्या पाण्याला पुढं जाण्याचा वेग असतो. काठ संपला तरी तो वेग संपत नाही. म्हणून पाणी भिंतीला चिकटून न घसरता कमान टाकत बाहेर झेपावतं. ती कमान आणि भिंत यांच्यामधली जागा इमादीननं माणसांसाठी राखली. किल्ल्यात मुक्काम केलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यानं बांधाची उंची ९० फूट नोंदवली आहे. एवढ्या उंचीवरून मोकळं पडलेलं पाणी अडीच सेकंदांच्या आत तळ गाठतं आणि तोवर त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. हायवेवरच्या गाडीचा वेग, आणि इंजिन कुठंच नाही.

याहून थक्क करते ती पाठीमागची बाजू. आपण गच्चीत हसत-खिदळत असतो, तेव्हा पाठीला तुंबलेली नदी टेकलेली असते. बांधालगत ९० फूट पाणी साठलं, तर तळाशी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २७ टनांचा रेटा येतो. आणि जलाशय मैलभर लांब असो की चार पावलांचा, रेटा तेवढाच! तो फक्त खोलीवर ठरतो. पास्कलनं द्रवांच्या दाबाचे नियम मांडले ते या बांधाच्या कितीतरी नंतर. इमादीनच्या हाती ते सूत्र नव्हतं, दगडाचा अदमास होता. बांध स्वतःच्या वजनावर उभा आहे, आणि इतकं वजन ठेवूनही त्यात खोल्या, जिने, खिडक्या पोकळ काढायच्या म्हणजे छातीच हवी.

बांधावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. खरं पाहता हे सांडवे, पूर बांधावर चढू नये म्हणून ठेवलेली वाट. जी गोष्ट निव्वळ सुरक्षेसाठी लागत होती, तिचाच तमाशा करून दाखवला, यात मला त्या कारागिराची खरी ऐट दिसते.

आता आधुनिक वॉटर पार्क घ्या. अमेरिकेत ऑर्लँडोला १९७७ मध्ये सुरू झालेला 'वेट अँड वाइल्ड' हा बहुधा पहिला मानतात, आपल्याकडे गोराईचं 'वॉटर किंगडम' प्रसिद्ध. तिथं पंप पाणी वर चढवतात, ते घसरगुंडीवरून खाली येतं, गाळून पुन्हा वर जातं. तेच ते पाणी, हंगाम मे महिन्याचा. नळदुर्गला मे महिन्यात काही मिळणार नाही. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहिलं, तरच नर-मादी सुरू होतात. अपुऱ्या पावसाच्या वर्षी दगड कोरडेच. मराठवाड्यात ही अट मला रास्त वाटते. २०१६ मध्ये रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलेला हा मुलूख आहे, इथं पाण्याचा खेळ उरलेल्या पाण्यावरच व्हावा.

तेव्हा ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत केव्हाही बेत करा, पण निघण्याआधी नर-मादी वाहताहेत का, याची चौकशी करा. दगड शेवाळलेले असतात, पोरांचा हात सोडू नका, आणि पात्रात उतरायचा मोह टाळा. हा वॉटर पार्क भिजण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे.