मोडीतली चांदी आणि पूजेचा रुपया

धनत्रयोदशी जवळ आली, की जुनी चांदी मोडीत देऊन नवी उपकरणी घेण्याचा विचार घरोघरी होतो. मोडीचा हिशेब सोपा आहे. वजनास शुद्धतेने गुणावे. ८० टंचाच्या २५० ग्रॅम तबकात शुद्ध चांदी २०० ग्रॅमच. पोकळ दांड्यातील लाख आधी वजा करावी. लक्ष्मीपूजनातील राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयांत ती निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा. सराफाकडे जाण्यापूर्वी घरीच तोलून, निवडून ठेवावे, असे आम्ही सुचवितो. मात्र वाडवडिलांनी पूजिलेला रुपया देव्हाऱ्यातच राहू द्यावा. काट्यावर त्याची चांदी उतरते, पुण्याई उतरत नाही.