पेनगंगेकाठचा पडदा (१४) : साप्ताहिकीची वही

आज शांतिस्वरूप आणि प्रदीप भिडे यांच्यावर लिहायचं ठरलं होतं. एक हैदराबादला तेलुगू बातम्या वाचणारे, दुसरे मुंबईला मराठी. टिपणं काढून झाली होती, पहिला परिच्छेदही लिहून झाला होता. पण सोमवारी सकाळी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळातल्या एका गावाहून निवृत्त गुरुजींचा फोन आला आणि ते दोघं मागे राहिले. ही लेखमाला गुरुजी पहिल्या भागापासून वाचताहेत आणि कात्रणं फायलीत लावून ठेवताहेत.

"तेरा आठवडे झाले," ते म्हणाले, "टीव्हीवर काय काय होऊन गेलं ते तुम्ही सांगता. गोड वाटतं वाचायला. पण पुढं काय लागणार आहे ते कोण सांगेल आम्हाला? परवा सह्याद्रीवर कीर्तन लागलं होतं. मी चॅनेल लावलं तर 'हेचि दान' चाललेलं. बुवा कोण होते तेसुद्धा कळलं नाही."

कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना या तक्रारीतली हळहळ कळेल. शेवटचं मागणं ऐकू आलं आणि पूर्वरंग, उत्तररंग सगळं हातचं गेलं. गुरुजींना मी म्हटलं, पुढच्या अंकात उत्तर देतो. ते हे उत्तर.

गुरुजींचा प्रश्न ऐकला आणि मला आठवली ती माझ्या मावशीची वही. मावशी पुण्याला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत आदिलाबादहून पुण्याला जायचो तेव्हा आमच्या घरी टीव्ही यायला पुष्कळ अवकाश होता. आमच्याकडे नागपूर आकाशवाणी लागायची. तिथे सभा सुरू झाली की निवेदक त्या दिवसाच्या कार्यक्रमांची रूपरेषा सांगायचे आणि आई ती पोळ्या लाटता लाटता ऐकून लक्षात ठेवायची. मावशीकडे मात्र रूपरेषा आठवड्याची होती. तिचं नाव 'साप्ताहिकी'.

रविवारी साप्ताहिकी लागायच्या आधी मावशी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली वही आणि बोटभर उरलेली पेन्सिल घेऊन पुढे बसायची. निवेदिका पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम वारावारीने सांगायची, मधूनमधून एखाद्या कार्यक्रमाचा तुकडा दाखवायची. आम्हा पोरांचे कान दोनच गोष्टींसाठी टवकारलेले. शनिवारचा मराठी सिनेमा कोणता आणि रविवारचा हिंदी कोणता. मावशी सगळंच लिहायची. 'प्रतिभा आणि प्रतिमा'त या खेपेला कोण येणार, 'गजरा'त काय आहे, 'आमची माती आमची माणसं'मध्ये कशाची माहिती आहे. निवेदिका पुढे सरकली आणि एखादं नाव निसटलं की म्हणायची, "अरे, काय म्हणाली ती?" आणि आम्ही तिघं तीन वेगवेगळी नावं सांगायचो.

शेजारच्या काकूंकडे टीव्ही नव्हता. सोमवारी सकाळी त्या दारातूनच विचारायच्या, "काय गं, बुधवारी काय आहे?" मावशी वही बघून सांगायची आणि काकू बुधवारची भाजी आधी निवडून ठेवायच्या.

तो कार्यक्रम इतका महत्त्वाचा का होता, ते सांगायचं तर दूरदर्शनच्या कामाच्या पद्धतीत थोडं शिरावं लागेल. केंद्राकडे एक तक्ता असतो. तिथले लोक त्याला 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' म्हणतात, बोलताना नुसतं एफपीसी. कोणत्या वारी, किती वाजता, कशा जातीचा कार्यक्रम, हे त्यात काही महिन्यांसाठी ठरवलेलं असतं. अमुक वारी साडेसहाला शेतकऱ्यांसाठी, अमुक वारी रात्री चर्चा, अमुक वारी शास्त्रीय संगीत. म्हणजे रिकामी खुर्ची कुठे ठेवायची, एवढं एफपीसी सांगते. त्या खुर्चीत कोण बसणार, हे आठवड्याच्या यादीत ठरतं. त्या दिवशी पडद्यावर मिनिटाला मिनिट काय जाणार, ते क्यू शीटवर येतं.

बघणाऱ्याला खुर्चीशी काय देणंघेणं? सह्याद्रीवर गुरुवारी चर्चा असते, हे गुरुजींना ठाऊक आहे. ती चर्चा या गुरुवारी कापसाच्या भावावर आहे की मुंबईच्या लोकलवर, हे त्यांना हवंय. कापसावर असेल तर ते शेजारच्या चार जणांना बोलावून घेतील, कारण यंदा त्या चौघांनीही कापूसच लावलाय. साप्ताहिकी नेमकं ते सांगायची. खुर्चीत बसणाऱ्याचं नाव सांगायची.

ठरलेलं बदलायचंही. कुणी मोठा नेता गेला की राष्ट्रीय दुखवटा आणि दिवसभर सारंगी. कधी तांत्रिक अडचण आली की पडद्यावर पाटी यायची, 'व्यत्यय'. माझ्या पिढीला तो शब्द शाळेत शिकावा लागला नाही, जोडाक्षरांसकट टीव्हीने शिकवला. व्यत्यय आला की मावशी वहीतल्या त्या ओळीपुढे फुली मारायची. रागाने नव्हे, हिशेब नीट राहावा म्हणून.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट सांगायची मी कधीपासून वाट बघतोय. १९२३ साली इंग्लंडात बीबीसी जेमतेम वर्षाची होती. तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांच्या संघाने सांगितलं की रेडिओच्या कार्यक्रमांची यादी छापायची तर जाहिरातीसारखे पैसे पडतील. बीबीसीचे जॉन रीथ म्हणाले, मग आपली यादी आपणच छापू. त्यातून २८ सप्टेंबर १९२३ ला 'रेडिओ टाइम्स' निघालं, किंमत दोन पेन्स. ते साप्ताहिक अजून निघतं. आपल्याकडेही रेडिओने 'द इंडियन लिसनर' काढलं, बंगालीत 'बेतार जगत', तेलुगूत 'वाणी'. ऐकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच आधी कळवणं, हे त्या लोकांना पहिल्या दिवसापासून उमगलेलं होतं. म्हणून साप्ताहिकीला मी भराव म्हणायला तयार नाही. माझ्या मते तो मुंबई दूरदर्शनचा सर्वांत उपयोगी अर्धा तास होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आदिलाबादेत टीव्हीचा स्टुडिओ नाही. हैदराबादचा रामंतापूरला, मुंबईचा वरळीला. आपण सीमेवर, आणि दोघांपासूनही लांब. पण छतावर जी थाळी आहे ती दोन्हीकडचं आणते. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत थाळीची सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं आणि ३३ वाहिन्या होत्या. आता ती डीडी फ्री डिश. थाळी एकदा घेतली की दर महिन्याचे पैसे नाहीत. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणून आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक फ्री डिशची थाळी आग्नेयेला तोंड करून, मान बरीच वर उचलून बसलेली दिसते. बेला, जैनद, तामसी, भीमपूर, कुठेही जा, गावात शिरल्या शिरल्या दिशा समजते. पावसाची मोठी सर आली की चित्राचे चौकोन पडतात, आणि मग कुणीतरी बाहेर जाऊन थाळीवरचं पाणी पुसतं. त्याने फरक पडत नाही. पाणी थाळीवर कमी आणि आभाळात जास्त असतं, लहरी तिथेच अडतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं.

त्या एका थाळीतून सह्याद्री येतं आणि यादगिरीही. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं तेव्हा सप्तगिरी हे नाव आंध्रकडे गेलं आणि हैदराबादच्या वाहिनीचं नाव यादगिरी झालं. एक यादगिरिगुट्ट्याचा नरसिंह, एक तिरुमलाचे सात डोंगर आणि एक आपला सह्याद्री. तिन्ही वाहिन्यांची नावं डोंगरांची आहेत, हे मला फार आवडतं.

आणि हा महिना बघा. आषाढ आपला आणि तेलुगू लोकांचा एकच, दोघंही अमावास्येला महिना संपवतात. याच आषाढात सह्याद्रीवर पंढरपूरहून एकादशीची महापूजा लागणार. मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोन-अडीचच्या सुमाराला. मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात आणि त्यांच्याबरोबर दर्शनाच्या रांगेतलं एक वारकरी जोडपं. गुरुजींच्या गावातले लोक दिंडीबरोबर चालत जातात, मागे राहिलेले जागे राहतात आणि पहिला प्रश्न एकच, यंदाचा मान कुणाला?

याच आषाढात हैदराबादेत बोनालु. गोलकोंड्यापासून सुरुवात, मग सिकंदराबादची उज्जयिनी महाकाली, मग लाल दरवाजा. सिकंदराबादच्या बोनालूच्या दुसऱ्या दिवशी रंगम असतं. कच्च्या मडक्यावर उभी राहून एक बाई येत्या वर्षाचं सांगते, पाऊस कसा, पीक कसं. आमच्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा ते ऐकायला टीव्हीपुढे बसतात. तेलुगू सगळं कळतं असं नाही, पण 'वर्षालु' हा शब्द आला की कान देतात.

एकाच घरात, एकाच थाळीवर, दोन राज्यांचा आषाढ. असं भाग्य पुण्यात माझ्या मावशीला नव्हतं. कमी आहे ती फक्त तिची वही. रिमोटवर गाइडचं बटण असतं, ते दाबून बघा. कार्यक्रमाचं नाव दिसलं तर दिसलं, आतला विषय आणि पाहुणा त्या पट्टीत मावत नाही. मोबाइलवर जाहिराती येतात, पण ज्याने आधीच शोधलंय त्यालाच त्या दिसतात. ज्यांना शोधता येत नाही, त्यांना साप्ताहिकी घरात येऊन सांगायची.

असं आधी येऊन सांगणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. नागोबाची जत्रा जवळ आली की गोंडांतली मेस्राम मंडळी काय करतात? केस्लापूरला पुष्य अमावास्येला पूजा, त्याच्या कितीतरी आधी छकडा निघतो. आपला मराठीतला तोच छकडा, बैलांचा. गावोगाव जाऊन तो भाऊबंदांना सांगतो की पूजा अमुक दिवशी, गोदावरीचं पाणी आणायला अमुक दिवशी निघायचं. मग पायी चालत हस्तिनामडुगूला जाऊन गंगाजल आणतात. आता तारीख फोनवर एका क्षणात कळते, तरी छकडा निघतोच, कारण निरोप माणसाने आणून द्यायचा असतो. आपल्या गावची दवंडी, तेलुगूतलं चाटिंपु, तीही हीच रीत. टीव्हीने ती मोडावी, असं मला वाटत नाही.

माझं मागणं छोटं आहे. आठवड्यातून पंधरा मिनिटं. सह्याद्रीने आणि यादगिरीने आपापल्या पुढच्या आठवड्यातल्या सांस्कृतिक कार्यक्रमांची आणि चर्चांची नावं, विषय आणि पाहुणे एका माणसाच्या तोंडून सांगावेत. संथपणे, लिहून घेता येईल अशा गतीने. आणि त्यातलं सीमेवरच्या लोकांच्या कामाचं जे असेल, ते आदिलाबाद आकाशवाणीने आपल्या रूपरेषेत घ्यावं. हे केंद्र १९८६ पासून आहे, गोंडी बोलणाऱ्याच्या घरातही त्याचा आवाज ओळखीचा आहे. रेडिओने टीव्हीचं सांगू नये असं थोडंच आहे? शेतात रेडिओ ऐकणारा संध्याकाळी घरी येऊन टीव्हीच लावतो.

हा लेख पूर्ण होत आला होता तेव्हा गुरुजींचा परत फोन आला. मी मावशीच्या वहीचं सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात राहिलं. शाळेत पडून असलेला एक फळा त्यांनी विठ्ठलाच्या देवळाच्या ओसरीत आणून टेकवलाय. मधोमध उभी रेघ. डावीकडे सह्याद्री, ते स्वतः मराठीत लिहितात. उजवीकडे यादगिरी, ते त्यांचा नातू तेलुगूत लिहितो. तो तेलुगू माध्यमात सातवीला आहे, टीव्हीवरच्या सरकत्या पट्ट्या तोच वाचू शकतो. आजोबा वार सांगतात, नातू वेळ बघतो. पहिल्याच दिवशी 'महापूजा' तेलुगूत कसं लिहायचं यावरून दोघांचं थोडं वाजलं. मग नातवाने सांगितलं की तिकडेही तोच शब्द आहे, फक्त अक्षरं निराळी.

फळ्याच्या खाली एक ओळ कोरी ठेवलीय, 'बदल' असं लिहून. व्यत्यय आला तर तिथे लिहायचं.

तुमच्या गावात असा फळा आहे का, कळवा. शांतिस्वरूप आणि भिडे पुढच्या आठवड्यात, टिपणं तशीच टेबलावर आहेत.