पोलादी टार्गेटवर खड्डा का पडतो : ऊर्जा बघायची की वेग?

पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. प्रयोग कसा करायचा याचा विचार सगळे करतात, पण मोजायचं नेमकं काय, हा प्रश्न आधीच सुटलेला आहे असं गृहीत धरतात. तो सुटलेला नसतो. याचं मला आवडणारं एक उदाहरण मटेरियल्सच्या बाजूचं आहे, आणि गणित बारावीच्या पलीकडचं नाही.

अमेरिकेत पिस्तूल आणि रायफलच्या सरावासाठी पोलादी प्लेटा टांगतात. गोळी लागली की टण्ण आवाज येतो, कागद बदलायला चालत जावं लागत नाही. आपल्याकडे 'टार्गेट' म्हटलं की डोळ्यासमोर कागदाचं किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट येतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं तो खेळ याच प्रकारचा. पोलादी टार्गेटचं जग वेगळं आहे आणि तिथला रोजचा प्रश्न अगदी बाजारातला आहे : कुठलं पोलाद घेऊ, किती जाड घेऊ, म्हणजे प्लेट टिकेल?

आता 'टिकणं' म्हणजे काय हे आधी ठरवू. प्लेटला भोक पडलं नाही म्हणजे ती टिकली, असं नाही. शिशाची गोळी सपाट आणि कठीण पृष्ठभागावर आदळली की तिचा चुरा होतो आणि ठिकऱ्या प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, चकतीसारख्या चहूबाजूंना उडतात. समोर उभ्या माणसाकडे फारसं काही येत नाही. पण त्याच प्लेटवर खळगा असेल तर ठिकऱ्या खळग्याच्या भिंतीवरून वळतात आणि मागे, म्हणजे नेमबाजाकडे येऊ शकतात. वाटीत जोरात पाणी सोडलं की ते आपल्याच अंगावर येतं, तसंच हे. म्हणून टिकाऊ प्लेट म्हणजे हजारो गोळ्या खाऊनही जिचा चेहरा सपाट राहतो ती. इथे पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. मुद्दा डोळ्यांचा आहे, आपल्या आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्याही.

आता कोडं. दोन गोळ्या घ्या. पहिली .३०८ विंचेस्टर : वजन साधारण ९.५ ग्रॅम, नळीतून निघतानाचा वेग सुमारे ८४० मीटर प्रतिसेकंद. दुसरी ५.५६ मिमीची, एआर-१५ प्रकारच्या रायफलीची हलकी गोळी : ३.५६ ग्रॅम, वेग सुमारे ९९०. गतिज ऊर्जा काढली तर पहिलीची साधारण ३३५० ज्यूल, दुसरीची १७५० च्या आसपास. म्हणजे पहिलीत जवळपास दुप्पट ऊर्जा. तर एआर ५०० नावाच्या कठीण पोलादावर जवळून मारल्यावर जास्त नुकसान कुठली करेल?

बहुतेक जण .३०८ म्हणतात. प्रत्यक्षात खळगे पाडते ती छोटी, वेगवान गोळी. जड गोळी प्लेटला जोरात हलवते, पण चेहऱ्यावर बहुधा करडा डागच ठेवते. ऊर्जा ही आपली सवयीची राशी आहे, म्हणून आपण तिच्याकडे धावतो. ती इथे चुकीचं उत्तर देते.

असं का, ते बघू. एवढ्या वेगाला शिसं आदळतं तेव्हा त्याची ताकद नगण्य असते. ते जवळजवळ द्रवासारखं वाहतं. मग प्लेटवर येणारा दाब अंदाजे तोच, जो पाण्याची धार भिंतीवर देते : अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. यात गोळीचं वजन कुठेच येत नाही! शिशाची घनता ११३४० किलो प्रति घनमीटर. .३०८ साठी हा दाब येतो ४.० गिगापास्कल, ५.५६ साठी ५.६, आणि साधारण ३६० च्या वेगाने जाणाऱ्या ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीसाठी फक्त ०.७३.

आता पोलादाची बाजू. पोलाद किती दाबाला पोचा घेतं, याचं मोजमाप तयार आहे : ब्रिनेल काठिण्य. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडलेली पद्धत. पोलादासाठी १० मिमी व्यासाचा गोळा ३००० किलोग्रॅम-बलाने दाबायचा आणि उमटलेल्या ठशाचा व्यास मोजायचा. साध्या एमएस प्लेटवर ठसा ५ मिमीहून थोडा मोठा येतो, म्हणजे आकडा १३० च्या आसपास. एआर ५०० वर पावणेतीन मिमीच, म्हणून आकडा ५०० च्या जवळ. हा आकडा म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती किलोग्रॅम-बल, ९.८१ ने गुणलं की मेगापास्कल. एमएस साठी सुमारे १.३ गिगापास्कल, एआर ५०० साठी ४.९.

दोन्ही बाजू शेजारी ठेवा. ५.५६ चे ५.६ हे ४.९ च्या वर जातात, म्हणून खळगा. .३०८ चे ४.० खाली राहतात, म्हणून डाग. समीकरण उलटं सोडवून दाब ४.९ ला नेणारा वेग काढला तर येतो सुमारे ९३० मीटर प्रतिसेकंद. आणि अमेरिकेत एआर ५०० प्लेट विकणारे जी मर्यादा सांगतात ती असते ३००० फूट प्रतिसेकंद, म्हणजे ९१४!

इथे थांबा. माझ्या मते संशोधनात सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. गणित इतकं छान जुळलं की माणूस लगेच पेपर लिहायला बसतो. खरं म्हणजे इतकं चांगलं जुळायला नको होतं. आपण काय काय सोडून दिलंय बघा. गोळीवर तांब्याचं आवरण असतं आणि तांब्याची घनता शिशापेक्षा कमी. आघात इतका झटपट होतो की पोलाद संथ चाचणीपेक्षा जास्त प्रतिकार करतं. आणि मोठी गोष्ट अशी, की आपण धरलेला दाब हा स्थिर वाहणाऱ्या धारेचा आहे. टेकल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मायक्रोसेकंदांत आघाताची लहर जाते तेव्हा दाब याच्या कित्येक पट असतो. या चुका एकमेकींना काही प्रमाणात कापतात, म्हणून आकडा बरोबर आल्यासारखा वाटतो.

याचा पुरावा एमएस प्लेटमध्येच आहे. आपल्या हिशेबाने तिची मर्यादा ४७५ च्या आसपास येते, म्हणजे ९ मिमीची गोळी तिला काही करू नये. प्रत्यक्षात एमएस प्लेट पिस्तुलानेही हळूहळू खळगाळते, वाकते. क्षणिक लहर ०.७३ च्या पाच-सात पट जाते, आणि १.३ ओलांडायला तेवढं पुरे होतं. रायफल असेल तर प्रश्नच मिटला, एमएसला सरळ खड्डे किंवा भोकं पडतात. म्हणून भंगारातून उचललेली प्लेट टांगणं हा स्वस्त नव्हे, धोकादायक पर्याय आहे. मॉडेल कुठली राशी महत्त्वाची ते सांगतं. तिचा नेमका आकडा त्याच्याकडून मागू नये.

राशी कळली की निवडीचे प्रश्न पटापट सुटतात. उदाहरणार्थ, जास्त पैसे देऊन एआर ५५० घ्यावं का? दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चालणारा वेग काठिण्याच्या वर्गमुळाने. काठिण्य १० टक्के वाढवलं तर वेगाची मर्यादा जेमतेम ५ टक्के वाढते, ९३० ची ९७५. बदल्यात प्लेट थोडी ठिसूळ होते. उलट अंतर वाढवून बघा. तीच ५.५६ ची हलकी गोळी १०० मीटर गेल्यावर ९०० च्या खाली येते. हवा फुकट काम करते! म्हणून रायफलसाठी १०० यार्डांचा जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तो मला महागड्या पोलादापेक्षा जास्त पटतो. पिस्तुलाला खळग्याची भीती कमी, तिथे अंतर ठेवायचं ते ठिकऱ्यांसाठी. आयपीएससीच्या हँडगन स्पर्धांत धातूच्या टार्गेटपासून किमान ७ मीटरचा नियम आहे, सरावाला त्याहून जास्त ठेवलेलं बरं.

जाडीबद्दल मोठा गैरसमज आहे. जाडी खळगा थांबवत नाही; खळगा पृष्ठभागाच्या काठिण्यावर ठरतो. जाडी प्लेट वाकणं थांबवते. म्हणून पिस्तुलाला पाव इंच चालून जातं, रायफलला तीन अष्टमांश, म्हणजे साडेनऊ मिमी, हे सर्वसाधारण माप, आणि फार जड काडतुसांना अर्धा इंच. इथे संवेग कामाला येतो. ३०० मिमी व्यासाची, १० मिमी जाड गोल प्लेट साडेपाच किलोची होते. .३०८ च्या गोळीचा संवेग ८ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद, म्हणजे मोकळी टांगलेली प्लेट साधारण दीड मीटर प्रतिसेकंदाने मागे जाते. ९ मिमीने अर्ध्या मीटरच्या आसपास. प्लेटला हलू दिलं तर हा धक्का झोक्यात जातो. पक्की आवळली तर तो बोल्टांवर आणि प्लेटच्या वाकण्यावर येतो. वरची कड थोडी पुढे झुकवून टांगली तर ठिकऱ्या जमिनीकडे वळतात, तो फायदा वेगळा.

आता पोलादाच्या पोटात काय आहे ते. एआर म्हणजे घर्षणरोधक. हे पोलाद मुळात नेमबाजीसाठी बनलंच नाही. खाणीतल्या डंपरचे हौदे, क्रशरची अस्तरं यांसाठी ते बनतं. आपल्याकडच्या टिपरवर 'हार्डॉक्स' असं रंगवलेलं वाचलं असेल, ते याच कुळातलं. सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करायचं, म्हणजे लोहाराच्या भाषेत पाणी द्यायचं. आत मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते आणि काठिण्य तिच्यातून येतं. ही रचना उष्णतेला घाबरते. हार्डॉक्स ५०० चे उत्पादकच सांगतात की २५० अंशांच्या वर तापवलं तर गुणधर्म जातात. मग गॅस कटिंगने कापलेल्या प्लेटचं काय होईल? कडेपासून आत एक पट्टा मऊ पडतो आणि गोळ्या तिथे लागल्या की तिथेच खळगे येतात. चेहऱ्यावर हुक वेल्ड केला तर मधोमध मऊ डाग. वॉटरजेटने कापलेली प्लेट सगळ्यात चांगली, लेझरची त्याखालोखाल, कारण तापलेला पट्टा अरुंद राहतो.

आणखी एक अडचण नावाची. 'एआर ५००' हे नाव एखाद्या कडक प्रमाणित ग्रेडसारखं नाही. ते सर्वसाधारण काठिण्य सांगतं, रासायनिक घटक गिरणीगणिक बदलतात. दोन विक्रेत्यांच्या एआर ५०० ची तुलना करणारा प्रबंध तुम्ही वाचत असाल आणि त्यात लेखकाने स्वतः काठिण्य मोजलेलं नसेल, तर तुलना कशाची झाली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विकत घेतानाही तेच : त्या हीटचं मिल टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, कापलं कशाने ते विचारायचं.

शेवटी मॉडेल कुठे पूर्ण मोडतं ते सांगून टाकतो. आपण धरलं की गोळी वाहते. एम ८५५ सारख्या, हिरव्या टोकाच्या गोळीत पुढे पोलादाचा तुकडा असतो. तो शिशासारखा वाहत नाही, स्वतःच छिन्नीसारखा दाबतो. चिलखतभेदी गोळीचा गाभा तर आणखी कठीण असतो. तिथे शिशाची घनता टाकून काढलेला दाब निरर्थक आहे. दोन घन पदार्थांच्या काठिण्याची तुलना करावी लागते. म्हणून बहुतेक रेंजवर अशा गोळ्यांना पोलादी टार्गेटवर बंदी असते. साधं लोहचुंबक गोळीला लावून बघतात. चिकटलं तर ती गोळी बाजूला ठेवतात. अर्थात या चाचणीचीही मर्यादा आहे : काही गोळ्यांचं नुसतं आवरण पोलादाचं असतं, आत शिसंच, आणि चुंबक त्यांनाही चिकटतं. रेंजवाले तिथे वाद घालत नाहीत, सरसकट नाही म्हणतात. चुकून एक चांगली गोळी नाकारली तर काही बिघडत नाही, चुकून एक वाईट गोळी गेली तर प्लेटवर कायमचा खळगा राहतो आणि पुढची प्रत्येक ठिकरी त्यातून वळते.