काळजी मुक्कामाला येते तेव्हा

संध्याकाळी आठनंतर अंधेरी पूर्वेच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात ठरावीक तक्रारी कानावर पडतात. छातीत धडधडतं. रात्री तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. गॅस वर चढतो. गाडीत श्वास कोंडतो. ईसीजी काढला जातो, थायरॉइड तपासलं जातं, सगळं नॉर्मल येतं. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आणि अॅसिडिटीची गोळी घेऊन माणूस घरी जातो. वर्ष-दोन वर्षांनी तोच पुन्हा येतो, तेव्हा तक्रार बदललेली असते. कशातच मन लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, माणसं नकोशी झालीत.

पहिली तक्रार चिंतेची, दुसरी नैराश्याची. त्या दोन भेटींमधल्या काळात उपचार सर्वांत सोपे असतात आणि नेमका तोच काळ वाया जातो.

काळजी प्रत्येकालाच असते. मुलाची दहावी, घराचा हप्ता, आईचं ऑपरेशन यांची काळजी कारण संपलं की ओसरते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, एकामागून एक विषय पकडत ती चालूच राहिली, आवरता येईनाशी झाली आणि झोप, एकाग्रता, काम बिघडू लागलं, की मनोविकारतज्ज्ञ त्याला चिंताविकार म्हणतात. नैराश्याच्या आजाराचं निदान व्हायला लक्षणं किमान दोन आठवडे टिकावी लागतात. सतत उदास वाटणं किंवा कशातच आनंद न उरणं, त्याच्या जोडीला थकवा, भूक आणि झोपेतले बदल, अपराधीपणा, मरणाचे विचार.

पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, पण माणसांत ती वारंवार एकत्र सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणांचा भाग म्हणून २४ देशांतल्या सुमारे ७४ हजार प्रौढांच्या मुलाखती घेण्यात आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, ज्यांना आयुष्यात कधी नैराश्याचा आजार झाला होता, त्यांपैकी जवळपास ४६ टक्के लोकांना चिंताविकारही झालेला होता. दोन्ही आजार झालेल्यांपैकी ६८ टक्के लोकांत चिंता आधी आली होती. नैराश्य आधी आल्याचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आत होतं.

चिंता असलेल्या प्रत्येकाला नैराश्य येतं, असा याचा अर्थ नाही. काही वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं. अमेरिकेत संशोधक केनेथ केंडलर यांनी १९९२ मध्ये जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं, की दोन्ही आजारांमागची आनुवंशिकता बरीचशी सामाईक आहे. त्यातून कुणाला काय होतं, हे बऱ्याच अंशी वाट्याला आलेल्या परिस्थितीवर ठरतं. तरीही चिंता आधी येऊन पुढे नैराश्याकडे नेते, हा क्रम मोठ्या संख्येनं दिसतो.

हे घडतं कसं? सुरुवात शरीरापासून. धोक्याची जाणीव झाली की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, हृदय वेगानं धडधडतं, स्नायू ताठतात. धोका टळला की शरीर पूर्वपदावर येतं. सततच्या काळजीत त्याला ही उसंत मिळत नाही. पहिली गदा झोपेवर येते, आणि निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असल्याचं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

दुसरा दुवा टाळाटाळीचा. बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या एखाद्या माणसाचा विचार करावा. विरारहून भरून आलेल्या फास्ट गाडीत एके दिवशी त्याला भीतीचा झटका येतो. घाम फुटतो, हात बधिर होतात, आता आपण मरणार असं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून तो स्लो गाडी धरतो. मग दारापाशी जागा मिळाली तरच चढतो. पुढे गर्दीचं लग्न नको, रविवारचं क्रिकेट नको, मित्रांबरोबर सिनेमा नको. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून टाळण्याची सवय जडते. पण टाळलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर आनंदाचा एकेक प्रसंगही आयुष्यातून वजा होतो. काही महिन्यांनी उरतात ती फक्त कामं, आणि ‘आपल्याला काहीच जमत नाही’ हा निष्कर्ष. नैराश्य इथून आत शिरतं.

तिसरा दुवा अनिश्चिततेचा. कधी संपणार हे ठाऊक नसलेलं संकट मनाला अधिक थकवतं, आणि मुंबईच्या उपनगरांत अशा संकटांची वानवा नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमधल्या पत्रा चाळीचंच पाहा. २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला, ६७२ कुटुंबांचा प्रश्न होता, आणि काम रखडल्यानं दशकाहून अधिक काळ ही कुटुंबं हक्काच्या घराविना राहिली. अशा वेळी काळजी करणाऱ्याला दुबळा ठरवणं अन्यायाचं आहे. त्याची काळजी खरी आहे. ती बराच काळ टिकली, की आजार होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण त्यातला निष्कर्ष आपल्यालाही लागू व्हावा असा आहे. चिंता, नैराश्य यांसारखे सर्वसामान्य मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते.

यावर उत्तर शोधणारा एक मोठा प्रयोग शेजारच्या गोव्यात झाला. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘मानस’ प्रकल्पात चिंता आणि नैराश्य यांचा एकत्रच विचार केला गेला. २४ दवाखाने निवडले, त्यांतले निम्मे सरकारी, निम्मे खासगी. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. आजार समजावून सांगणं, गरजेनुसार संवादातून उपचार, दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून औषध, आणि या सगळ्यामागे मनोविकारतज्ज्ञांची देखरेख, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी दवाखान्यांत या पद्धतीनं उपचार घेतलेले जवळपास ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांतले रुग्ण सारख्याच, चांगल्या प्रमाणात बरे झाले. ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला वेळही उपचार ठरतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. घाटकोपर-मुलुंडच्या फॅमिली डॉक्टरांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

उपचारांची साधनंही बरीचशी सामाईक आहेत. नैराश्यावरची नेहमीच्या वापरातली औषधं चिंताविकारावरही चालतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे मानसोपचार दोन्हींत उपयोगी ठरतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मुंबईचे कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलीच आहे. केमिस्टकडून परस्पर आणलेली झोपेची गोळी मात्र तात्पुरती गुंगी देते. तिची सवय लागते आणि नैराश्य तसंच राहतं.

उशीर महाग पडतो. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे २००८ मधले निष्कर्ष सांगतात, की चिंतेसह आलेल्या नैराश्यात औषधांनी पूर्ण बरं होण्याचं प्रमाण कमी असतं आणि वेळ अधिक लागतो. आत्महत्येचा धोकाही अशा वेळी वाढतो.

मदत दूर नाही. जुहूच्या महापालिकेच्या कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा २०१२ पासून चालू आहे. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

दिवाळीत घरं माणसांनी भरतात. त्या गर्दीत फराळाच्या ताटापाशी न येणारा, आतल्या खोलीत पडून राहणारा कुणी असेल, महिनोन्‌महिने झोप नसलेली कुणी वहिनी किंवा भाचा असेल, तर ‘एवढं काय टेन्शन घ्यायचं’ म्हणू नका. कधीपासून असं होतंय ते विचारा, बोलणं पूर्ण ऐकून घ्या, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे स्वतः जा. तिथे धडधड आणि गॅस सांगालच, त्यासोबत काळजीही सांगा.