काळजीची धडधड, उदासीचं मळभ

मैत्रिणींनो, आपल्या बायकांच्या बोलण्यात एक शब्द दिवसातून किती वेळा येतो ते कधी मोजलंय? तो शब्द म्हणजे 'टेन्शन'. दूध नासलं, टेन्शन. पाहुणे न सांगता आले, टेन्शन. मुलाला गणितात कमी मार्क पडले, नळाला पाणी आलं नाही, गॅस मध्येच संपला... सगळ्यालाच टेन्शन! या एका शब्दाच्या पोटात आपण इतकं काही कोंबतो, की त्यात दोन खरेखुरे आजारही लपून बसतात. एक चिंतेचा आणि दुसरा नैराश्याचा. डॉक्टर मंडळी त्यांना 'अँग्झायटी' आणि 'डिप्रेशन' म्हणतात. आजार दोन, नाव मात्र आपण एकच देतो. मग उपाय तरी नेमका कसा होणार?

बचत गटाच्या आणि आरोग्य शिबिराच्या निमित्ताने गेली काही वर्षं मी बायकांबरोबर सिव्हिल हॉस्पिटलच्या वाऱ्या करते आहे. मी काही डॉक्टर नाही. पण मनोविकार विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून जे ऐकलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

छातीत धडधड, रिपोर्ट नॉर्मल!

आमच्या गटातली एक बाई, वय पस्तिशीचं. नवरा ड्रायव्हर, रात्री-अपरात्री गाडी घेऊन बाहेरगावी जाणारा. त्याचा फोन पाच मिनिटं लागला नाही की हिच्या छातीत धडधड सुरू. हाताला घाम, घशाला कोरड, डोक्यात नाही नाही ते विचार. 'अपघात झाला असेल का? पोरांचं काय होईल?' नवरा सुखरूप घरी आला, की काळजी दुसऱ्या विषयावर उडी मारायची. मुलीची शाळा, सासऱ्यांची शुगर, घराचा हप्ता. एकदा भर बाजारात तिचा श्वासच अडकला. आता आपण मरतो, असं वाटलं. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल! असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी घरचे म्हणाले, 'हिला काही झालेलं नाही, नाटकं आहेत.'

ती नाटकं नव्हती. साप दिसला की अंग कसं क्षणात सावध होतं? काळीज धडधडतं, श्वास वाढतो, पाय पळायला तयार होतात. ही शरीराची धोक्याची घंटा आहे आणि ती हवीच. चिंतेच्या आजारात साप नसतानाच ही घंटा वाजत राहते. कधी ती अचानक इतक्या जोरात वाजते, की हार्ट अटॅकच आला असं वाटतं. त्याला 'पॅनिक अटॅक' म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग हळूहळू ओसरतो. त्याने जीव जात नाही, पण त्या बाईला जे वाटतं ते शंभर टक्के खरं असतं. एक मात्र लक्षात ठेवा, छातीत पहिल्यांदाच दुखलं तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यायचीच. 'टेन्शनच असेल' म्हणून घरी बसायचं नाही.

मळभ हटतच नाही

आता दुसरी बाई. गल्लीत हिच्या रांगोळीची वाहवा व्हायची. संक्रांतीला हळदीकुंकू असलं की सगळ्यात आधी हिची धावपळ. हळूहळू रांगोळी बंद झाली. मग बाहेर येणं बंद झालं. केस विंचरायचाही कंटाळा. पहाटे तीन-चारला जाग यायची, पुन्हा डोळ्याला डोळा नाही. सकाळ सगळ्यात जड जायची, संध्याकाळी जरा बरं वाटायचं. जेवणाला चव लागेना, वजन उतरलं. सासूबाई म्हणायच्या, 'आळशी झालीय.' ती स्वतःही तेच म्हणायची, 'ताई, मी कुणाच्याच कामाची नाही हो. घरावर नुसता भार आहे.' ती रडत मात्र नव्हती. रडूसुद्धा येईनासं झालं होतं.

हे नैराश्य. दुःख झालं म्हणून चार दिवस उदास वाटणं वेगळं. माणूस गेलं, नुकसान झालं, तर वाईट वाटणारच. पण त्या दुःखातही नातवंडाने गळ्यात हात टाकला तर क्षणभर बरं वाटतं. नैराश्यात आवडीच्या गोष्टीतला आनंदच आटतो.

२०१७ साली ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं, तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा मराठी चित्रपट याच विषयावर आहे. नैराश्यातलं माणूस कासवासारखं आत आत ओढलं जातं. त्याला काठीने ढोसून बाहेर काढता येत नाही, हे तो सिनेमा फार हळुवारपणे सांगतो. जमलं तर घरच्यांबरोबर बसून नक्की पाहा.

मग ओळखायचं कसं?

डॉक्टरांनी मला समजावलं ते आपल्या भाषेत सांगते.

चिंतेचं तोंड उद्याकडे असतं. 'असं झालं तर? तसं झालं तर?' हा तिचा सूर. नैराश्याचा सूर असतो, 'आता काय उपयोग?' चिंता असलेल्या बाईला लग्नाला जायचं असतं, पण गर्दीची, प्रवासाची भीती वाटते. नैराश्य असलेल्या बाईला जावंसंच वाटत नाही. चिंतेत अंथरुणावर पडल्यावर डोळा लागत नाही, विचारांची चक्की चालू राहते. नैराश्यात पुष्कळदा झोप लागते, पण पहाटे फार लवकर मोडते. काहींना उलट दिवसभर झोपच येते. चिंतेत अंग ताठलेलं, हात अस्वस्थ, बारीकशा आवाजानेही दचकायला होतं. नैराश्यात अंग शिशासारखं जड, बोलणं-चालणं मंद.

आणि किती दिवस झाले, हे फार महत्त्वाचं. दिवसाचा बराचसा वेळ उदासी किंवा आनंद आटलेला, असं सलग दोन आठवडे चाललं आणि सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष लागणं यांत बिघाड झाला, तर तो नैराश्याचा इशारा समजावा. सगळ्याच गोष्टींची काळजी सहा महिने सुटत नसेल, तर चिंतेचा आजार असण्याची शक्यता मोठी. पॅनिक अटॅक पुन्हा पुन्हा येत असतील, तर मात्र सहा महिने मोजत बसू नका.

आता गंमत अशी, की हे दोघे पुष्कळदा जोडीने येतात. वर्षभर काळजी करून करून मन थकतं आणि मग मळभ दाटतं. म्हणून वरची यादी वाचून स्वतःच निदान करायचं नाही बरं का! ती फक्त डॉक्टरांना नीट सांगता यावं यासाठी आहे. 'टेन्शन आहे' एवढंच सांगण्यापेक्षा 'पहाटे तीनला जाग येते, महिना झाला, कशातच मन लागत नाही' असं सांगितलं, तर डॉक्टरांचं काम अर्धं सोपं होतं.

आणखी एक. थायरॉईड कमी झालं की नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात आणि वाढलं की चिंतेसारखी. अंगात रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी थकवा आणि उदासी येते. म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतात, त्या टाळू नका. बाळंतपणानंतरचे महिने आणि पाळी जाण्याचा काळ, या दोन्ही वेळी विशेष लक्ष हवं. बाळंतीण सारखी रडते, बाळाकडे बघवत नाही म्हणते, तर तिला 'कसली आई तू' म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.

वेड्यांचा डॉक्टर?

खरी अडचण पुढेच आहे. रिपोर्ट नॉर्मल असलेल्या त्या बाईला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ म्हटलं, तर घरात केवढा गहजब! 'वेड्यांच्या डॉक्टरकडे? उद्या पोरीचं लग्न जमायचं नाही.' शेवटी ती आली, पण गोळ्या महिनाभर तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत होती. बीपीची गोळी ताटाशेजारी ठेवतो आपण आणि मनाची गोळी तांदळात! सांगा, का?

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं, की साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. आणि वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. म्हणजे आपल्या एवढ्याशा गल्लीतही कितीजणी गप्प बसून सोसत असतील, विचार करा. दीपिका पदुकोणसारखी यशस्वी नटी २०१५ साली स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलली. पैसा, प्रसिद्धी सगळं असूनही हा आजार होतो, हे त्यातून पुष्कळांना कळलं.

उपचार म्हणजे नेमकं काय?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलून उपचार करतात. आजार सौम्य असेल तर पुष्कळदा बोलण्याच्या उपचारांनीच भागतं. जास्त असेल तर दोन्ही लागतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, तिथे खर्चाची धास्ती नको.

औषधांबद्दल आपल्या मनात फार गैरसमज आहेत. नैराश्य आणि चिंता यांवरच्या मुख्य गोळ्यांची सवय लागत नाही. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. तेवढ्यावरून 'मला सोसत नाही' म्हणून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि बरं वाटलं म्हणून लगेच सोडायच्याही नाहीत. रांगोळीवाल्या बाईने तेच केलं. दोन महिन्यांत हसू-बोलू लागली, गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा अंथरुणाला खिळली. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं. ते कमी करायचं तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची! 'मेडिकलवाल्या भाऊंकडून पाच गोळ्या आणल्या, छान झोप लागली,' असं सांगणाऱ्या बायका गावोगाव आहेत. अशा बहुतेक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे आणि ती उगीच नाही. आज एक, उद्या दोन, मग त्यांच्याशिवाय झोपच नाही. मूळ आजार तसाच राहतो. आधीच खूप दिवस घेत असाल, तर एकदम बंद करणंही धोक्याचं. तेही डॉक्टरांनाच विचारा.

बोलण्याचा उपचार म्हणजे नुसता धीर देणं नव्हे. अमेरिकेच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी समजावून सांगितली. तिचं सूत्र असं, की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो. 'फोन लागलाच पाहिजे, नाहीतर अनर्थ' याऐवजी 'घाटात रेंज नसते, तासाभराने लागेल' हा विचार आमच्या मैत्रिणीने वहीत लिहून लिहून अंगी बाणवला. रांगोळीवालीला सांगितलं होतं, उत्साह येण्याची वाट बघू नका. रोज एक लहान काम करा. पहिल्या दिवशी तिने उंबऱ्यावर फक्त चार ठिपके काढले. सध्या तिची एवढी प्रगती आहे, की दारातली रांगोळी पूर्ण होते. हळदीकुंकवाला अजून येत नाही. येईल. घाई नाही.

घरच्यांनी काय करायचं?

'मन खंबीर कर', 'तुला काय कमी आहे?', 'चार घरची धुणीभांडी केली असती तर कळलं असतं', ही वाक्यं आधी बंद करायची. त्यापेक्षा शेजारी बसा, चहा द्या, दवाखान्यात सोबत जा. देवाला जायचं तर जरूर जा, मनाला आधार मिळतो. पण अंगारा लावून गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि उपचारांच्या नावाखाली कुणी मारझोड, उपास-तापास सांगत असेल तर सरळ उठून यायचं.

आणि कुणी 'आता जगून काय करू' म्हणाली, तर ते बोलणं कधीही हसण्यावारी नेऊ नका. तिला सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का गं?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट कुणीतरी ऐकतंय म्हणून तिला मोकळं वाटतं. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर आजच फ्रीजवर, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी भिशीत, नळावर, देवळाच्या पायरीवर कुणी म्हणाली, 'काही सुचत नाही गं, टेन्शन आलंय,' तर 'मलाही' म्हणून विषय बदलू नका. एवढंच विचारा, 'किती दिवस झाले? झोप लागते का?' आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथून उठू नका.